दुखण्याचा आकडा

मोजा घालताना दुखलं नाही. पलंगाच्या कडेला बसून डावा पाय उजव्या गुडघ्यावर टेकवायचा, मोज्याचं तोंड ताणून त्यात बोटं सारायची, आणि नेमकी त्याच वेळी जांघेत, मांडी जिथे संपते आणि हाड सुरू होतं तिथे, कळ यायची. मोठी नाही, कोणी जाता जाता चिमटा काढावा एवढीच. पण रोज यायची, न चुकता. आज मोजा घोट्यावरून पोटरीवर चढला, नीट बसला, आणि कळ आलीच नाही. त्याने मोजा काढला. पुन्हा घातला. मग पाय आणखी जवळ ओढून घेतला, गुडघा हाताने खाली दाबला, जरा इकडेतिकडे वळवून बघितला. काही नाही. अशा वेळी माणूस ओरडतो, बायकोला हाक मारतो, निदान स्वतःशी हसतो तरी. त्याने काय केलं, तर दाराकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. आणि मग त्या बघण्याचंच त्याला नवल वाटत राहिलं. चोरी तर केली नव्हती. गेलं होतं ते त्याचं स्वतःचं दुखणं, आणि तेही नको असलेलं. मग लपवायचं काय होतं?

तो एका मध्यम वकुबाच्या क्लबाचा डावा बचावपटू होता. वय तिशीच्या पलीकडे, म्हणजे फुटबॉलच्या हिशेबात म्हातारपणाच्या अलीकडे. टीममधले त्याला चिकट्या म्हणत, कारण समोरून पळत येणारा गडी कितीही वळला, कितीही फसवून गेला, तरी हा त्याचा पिच्छा सोडत नसे. पण चिकटून राहायचं तर आधी पाय बाजूला टाकता आला पाहिजे, आणि त्या बाजूला टाकलेल्या पायानेच त्याचा घात केला होता. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा जांघेतला स्नायू फाटला तेव्हा क्लबाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा गेला तर मग खेळाचं विसरा. हंगाम संपत आला होता. उरलेल्या सामन्यांत कोण कसा खेळतो ते बघून कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा हे ठरणार होतं, आणि त्याच्या जागेवर सध्या दुसराच कोणीतरी बऱ्यापैकी खेळत होता. म्हणजे खेळला नाही तर जाणार, आणि खेळताना फाटलं तरी जाणार. असा सगळा मामला असताना कळ गेली होती, आणि हा गडी मोजा हातात घेऊन दाराकडे बघत बसला होता.

क्लबाच्या फिजिओबाईंची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. वर तिरकं छत, त्यामुळे भिंतीकडे गेलं की वाकायला लागायचं, आणि नवीन माणूस हमखास डोकं आपटून घ्यायचा. ओल्या फरशीचा आणि मलमाचा वास. टेबलाच्या पायाला बांधलेला रबरी पट्टा, कोपऱ्यात अर्धवट हवा गेलेला एक चेंडू. त्या चेंडूपासूनच सगळ्याची सुरुवात झाली होती. उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, चेंडू दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून दाबायचा आणि दाबून ठेवायचा. बस्स. पहिल्या दिवशी त्याला हसू आलं होतं. याच चेंडूला त्याने आयुष्यभर लाथा घातल्या, आणि आता तो मांडीत धरून झोपायचं. मग त्याने दाबला आणि हसू गेलं. बाईंनी विचारलं, “किती?” त्याला कळेना काय किती. “दुखणं किती? शून्य ते दहा.” तो म्हणाला, “दुखतंय.” त्या म्हणाल्या, “ते दिसतंय मला. आकडा सांगा. दोनपर्यंत असेल तर व्यायाम चालू ठेवायचा. पाचपर्यंत गेला तर जोर कमी करायचा. त्याच्या वर गेला की थांबायचं. तुम्ही खरा आकडा सांगितलात तरच हे चालतं, नाहीतर मी आंधळी.” म्हणजे दुखत असतानासुद्धा व्यायाम करायचा, थोडं दुखू द्यायचं, पण थोडंच. याआधी त्याला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. दुखलं की दात आवळून खेळायचं, आणि अगदीच असह्य झालं की पडून राहायचं. मधल्या जागेत काही असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फाटलेला स्नायू पडून राहिला की दुबळा होतो, त्याला कामाला लावूनच बरं करायचं असतं, हे बाई अशा सहज सांगत होत्या, की त्याला आपल्या आजवरच्या सगळ्या कोचांची कीव आली.

आकडा सांगणं सोपं नव्हतं. शाळेच्या मैदानापासून त्याला “दुखतंय का रे?” या प्रश्नाचं एकच उत्तर येत होतं, “नाही सर.” दुखतं म्हटलं की बाहेर, आणि बाहेर बसलेल्याला कोण विचारतो. इतकी वर्षं तेच उत्तर देऊन देऊन दुखण्याकडे नीट बघायचं राहूनच गेलं होतं. आता बाई रोज विचारायच्या, म्हणून तो बघायला लागला, आणि बघता बघता त्याला त्यात गोडी वाटायला लागली. सकाळचं दुखणं कोरडं असतं, संध्याकाळचं पसरट. चेंडू दाबताना येतं ते एका जागी बसून असतं. रबरी पट्टा घोट्याला अडकवून पाय आत ओढताना येतं ते मांडीतून खाली सरकतं, आणि गुळगुळीत फरशीवर टॉवेल ठेवून पाय बाजूला घसरवताना येतं ते येण्याआधीच आपण येतोय म्हणून कळवतं. हे साडेतीन की चार, यावर तो बाईंशी हुज्जत घालायचा. बाई म्हणायच्या, “साडे वगैरे नाही, पूर्ण आकडा सांगा.” आणि तो घरी जाऊन बायकोला जेवताना सांगायचा की आज तीन होता पण कालच्यासारखा तीन नव्हता. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती, दिवसभर नळ्या बघून तिचे डोळे दुखलेले असायचे. ती म्हणायची, “तुझ्या जांघेचा जेवढा अभ्यास झालाय तेवढा आपल्या दोघांचा कधी झाला नाही.” हे ती चेष्टेत म्हणायची, पण त्याला ते बराच वेळ आठवत राहायचं.

पहिल्यांदा फाटलं होतं ते मात्र दुखण्यापेक्षा लाजेनेच जास्त लक्षात राहिलं होतं. बायकोचे वडील, नाना, त्या दिवशी सामना बघायला आले होते. जन्मात पहिल्यांदा. नानांना हे स्थळ पसंत नव्हतं. लग्नाच्या वेळी ते सरळ म्हणाले होते, “ज्याचं पोट पायावर चालतं, त्याचा पाय मोडला की काय?” तरी मुलीच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही, आणि सासूबाई गेल्यावर ते मुलीकडेच राहायला आले. त्या दिवशी पिवळी टोपी घालून ते तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि हा चेंडू अडवायला पाय टाकून कोसळला. आत काहीतरी ताणून तुटल्यासारखं झालं होतं, कुठे तुटलं तेही स्वच्छ कळलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर, त्यातून सासऱ्यांसमोर, हात तिथे कसा न्यायचा? त्याने गुडघा धरला. मदतनीस बॅग घेऊन धावत आला आणि त्याने भराभरा गुडघ्यावर थंड फवारा मारला. “बरं वाटतंय?” “वाटतंय.” गुडघा बर्फासारखा झाला आणि वर आग पेटलेली. लंगडत बाहेर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या बिचाऱ्या गुडघ्यासाठी. पुढे घरात नाना रोज विचारायचे, “गुडघा काय म्हणतो?” आणि जावईबापू सांगायचे, बराय. इतकंच नाही, तर त्याने दुकानातून एक चांगलीशी नी-कॅप आणली आणि घरात असेपर्यंत ती चढवून बसायला लागला. माणूस एका थापेसाठी काय काय खर्च करतो!

ते बिंग फुटलं व्यायामामुळेच. बाईंनी नवा व्यायाम दिला, त्याला दुसरं माणूस लागायचं. एका कुशीवर झोपून कोपरावर अंग तोलायचं. वरचा पाय, म्हणजे दुखरा, समोरच्याने उभं राहून आपल्या कमरेशी धरायचा, एक हात गुडघ्याखाली, एक घोट्याखाली. आणि त्या धरलेल्या पायाच्या जोरावर सगळं अंग जमिनीवरून उचलायचं, खालचा पाय वर आणून त्याला भिडवायचा, सावकाश खाली यायचं. बाईंनी विचारलं, “घरी कोण आहे धरायला?” बायकोची पाळी सकाळची, ती उजाडायच्या आत जायची. उरले नाना. दोन दिवस त्याने कपाटाच्या कडीत, खिडकीच्या गजात पाय अडकवून बघितला. तिसऱ्या दिवशी नाना वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, “काय चाललंय हे? द्या इकडे तो पाय.” त्याने संकोचून सांगितलं की नको, मोठ्या माणसाच्या अंगाला पाय लागतो. नाना म्हणाले, “जावयाचे पाय धरायची वेळ आली म्हणायची. द्या.” पाय दिला. दोनदा वर गेला, घामाने डबडबला. नानांनी वरून बघून विचारलं, “हा गुडघ्याचा व्यायाम आहे? कारण गुडघा माझ्या हातात आहे, आणि तो काहीच करत नाहीये. थरथरतंय ते वर.” मग त्याने सगळं सांगितलं, नी-कॅपसकट. नानांनी ऐकून घेतलं. हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत. म्हणाले, “बस्स का! तेवढ्यासाठी सहा महिने मी गुडघ्याची चौकशी करत बसलो?” आणि मग मात्र इतके हसले की पाय हातातून सुटायची पाळी आली.

तेव्हापासून दर एक दिवसाआड सकाळी दिवाणखान्यात हा कार्यक्रम चालायचा. टीपॉय भिंतीला लावायचा, सतरंजी टाकायची, नाना चष्मा काढून ठेवायचे आणि बाह्या सरसावायचे, जणू वर जायचं त्यांनाच आहे. नाना बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मोजायची सवय गेली नव्हती, प्रत्येक वर जाण्याला ते हळू आवाजात आकडा म्हणायचे. मध्ये विश्रांतीला तो जमिनीवर पडलेला आणि नाना उभे, अशा गप्पा चालायच्या. खालून बघितल्यावर सासरा किती वेगळा दिसतो याचं त्याला पहिल्यांदा कुतूहल वाटलं. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा रोज राहून जायचा. हात मात्र आश्चर्य वाटावं इतके मऊ होते. त्याच्या स्वतःच्या वडिलांनी कधी त्याचा पाय हातात घेतला होता का? घेतला असेल, अगदी लहानपणी, मोजे घालताना. आठवत नव्हतं. आणि मग कोपरावर तोल सांभाळत वर जाताना तो पाय आपला आहे की नानांचा, असा काहीतरी खुळचट विचार त्याच्या मनात यायचा.

तर त्या मोज्याच्या दिवशी तो क्लबात गेला. बाईंनी चेंडू गुडघ्यांमध्ये दिला. त्याने दाबला. आत कुठेच काही नव्हतं, स्वच्छ, झाडून काढलेल्या खोलीसारखं. “किती?” बाईंनी विचारलं, आणि त्याच्या तोंडून आलं, “तीन.” बाई म्हणाल्या, “अजून तीनवरच? बरं, मग या आठवड्यात पळणं नको.” आणि त्याचा जीव भांड्यात पडला. इथे तो चमकला. आजवर दुखत असताना ‘नाही सर’ म्हणाला होता, त्यात काही नवल नव्हतं, सगळेच म्हणतात. दुसऱ्यांदा फाटलं ते त्याच ‘नाही’मुळे. पण काही नसताना तीन? असलं सोंग त्याने शाळेत गणिताच्या तासालासुद्धा घेतलं नव्हतं. कपडे बदलताना तो स्वतःलाच विचारत होता, काय रे, काय चाललंय तुझं?

दुसऱ्या दिवशीही तीन. तिसऱ्या दिवशीही. मग त्याला त्या तीनची काळजी घ्यावी लागायला लागली. टॉवेलवर पाय घसरवताना कुठे थांबायचं, पट्टा ओढताना कुठे श्वास रोखायचा, कळ कुठून कुठे सरकायची हे सगळं त्याला पाठ होतं, त्यामुळे खोटं दुखणं खऱ्यापेक्षाही नीटनेटकं जमायला लागलं. रस्त्यातून चालताना तो फुटपाथच्या कडेवरून मुद्दाम डाव्या पायाने उतरून बघायचा, काही परत येतंय का. येत नव्हतं. दुसरंच काहीतरी यायचं. सिग्नलला उभा असताना, दुकानात रांगेत असताना, अचानक तो क्षण यायचा. चेंडू डावीकडून निसटतोय, गडी खांद्याला खांदा लावून पुढे सरकतोय, आणि पाय आपण होऊन बाजूला जातोय, लांब, आणखी लांब, आणि मग ते ताणून तुटणं. तो रांगेत उभ्या उभ्या दोन्ही मांड्या एकमेकींना घट्ट आवळून धरायचा. पुढची बाई मागे वळून बघायची. याला आकडा कोणता द्यायचा, असं त्याच्या मनात यायचं. बाईंच्या कोष्टकात हे कुठेच बसत नव्हतं. बायकोने एका रात्री जेवताना विचारलं, “या आठवड्यात तरी घेतील का रे तुला? हंगाम संपतोय.” तो म्हणाला, “बघू, अजून तीन आहे.” ती म्हणाली, “बरेच दिवस तीनच आहे,” आणि पाणी प्यायला उठली. तिला काही कळलं असेल का, याचा तो रात्रभर विचार करत राहिला.

शनिवारी सकाळी सतरंजी टाकली. नानांनी पाय घेतला. तो वर गेला, खाली आला, वर गेला. नाना आज आकडे म्हणत नव्हते. तिसऱ्यांदा तो वर जाणार, एवढ्यात ते म्हणाले, “थांबा जरा. तोंड कशाला वाकडं केलंत?”

“दुखलं म्हणून.”

“अजून वर कुठे गेलात? वर जायच्या आधीच तोंड वाकडं. पूर्वी तुम्ही वर गेल्यावर करायचात.” त्यांनी पाय सोडला नव्हता. “मी तीस वर्षं बसमध्ये लोकांची तोंडं बघितलीत. तिकीट नसलेला माणूस मी समोर यायच्या आधीच खिसे चाचपायला लागतो. आणि हा पाय हल्ली थरथरत नाही. दगडासारखा असतो. दुखत नाहीये ना?”

सतरंजीवर आडवा, एका पायाने सासऱ्याला टांगलेला, अशा अवस्थेत माणसाला खोटं बोलणं जड जातं. “नाही,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“झाले पंधरा दिवस.”

नानांनी पाय हळूच खाली ठेवला आणि सोफ्यावर बसले. चष्मा शोधला, लावला, पुन्हा काढला. म्हणाले, “मला आठवड्याभरापूर्वीच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कसं बोलणार?” नाना टीपॉयकडे बघत होते. “ही गेल्यापासून सकाळी उठून मला काही काम नव्हतं. पेपर वाचायचा आणि जेवणाची वाट बघायची. हे सुरू झालं तेव्हापासून रात्री झोपतानाच वाटतं, उद्या आहे बरं का. तुमचं दुखणं संपलं की माझंही काम संपलं. म्हणून मीही गप्प बसलो. म्हटलं, तुम्ही बोलेपर्यंत चालू दे.” मग एकदम त्यांचा आवाज बदलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते अहोवरून अरेवर आले. “पण अरे, माझं ठीक आहे, मी म्हातारा. तू कशाला लपवतोस? तुला तर तिकडे जायचंय ना?”

नानांना खूप वाईट वाटत होतं हे त्याला दिसत होतं, आणि त्याला स्वतःलाही त्यांच्याबद्दल तेवढंच वाईट वाटलं. सतरंजी गुंडाळताना तो एवढंच म्हणाला, “नाना, हा व्यायाम नंतरही चालू ठेवायचा असतो. खेळायला लागल्यावरसुद्धा.” नाना म्हणाले, “ते बघू मग. आधी खेळायला तर लाग.”

तो क्लबात पोचला तेव्हा मैदानावर ऊन वर आलं होतं. बाकीचे दुसऱ्या टोकाला सराव करत होते, त्यांच्या हाका तुटक तुटक येत होत्या. बाई त्याला रेषेजवळ घेऊन आल्या. त्यांच्या एका हातात चेंडू होता, दुसऱ्यात आकडे लिहायच्या कागदाची फळी. “तीन असला तरी आज एक बघू या. मी चेंडू बाजूला सोडते, तुम्ही पाय टाकून अडवायचा. सावकाश.” त्यांनी सोडला. चेंडू गवतावरून गेला, त्याच्या डाव्या बाजूने, आणि तो जागच्या जागी उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. “काय झालं?”

“लांब होता.”

“नव्हता,” बाई म्हणाल्या. चेंडू आणला, पुन्हा सोडला, आधीपेक्षा जवळून. तो पुन्हा तसाच उभा. पाय निघत होता. त्याला जाणवत होतं की मांडीतला सगळा जोर गोळा होऊन तयार बसलाय, आणि हा त्याला आतून दोन्ही हातांनी धरून ठेवतोय. किती ताकद लागत होती त्याला धरून ठेवायला! बाईंनी हातातली कागदाची फळी खाली ठेवली. “किती दुखतंय?”

“शून्य,” तो म्हणाला. “पंधरा दिवस झाले, शून्यच आहे. मी खोटं सांगत होतो.”

बाई चिडतील अशी त्याची अपेक्षा होती. त्या चिडल्याही, ते चेहऱ्यावर दिसलं, पण बोलल्या ते साध्या आवाजात. “मग कशासाठी?”

पलीकडे कोणीतरी गोल केला होता, आरडाओरडा झाला. “मला भीती वाटते,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने मैदानावर कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर काय होतं ते बघावं म्हणून तो थांबला. काही झालं नाही. बाई उभ्या होत्या, ऊन होतं, त्याच्या बुटाच्या टोकाशी गवत होतं. “पुन्हा फाटलं तर?” त्याने विचारलं.

“फाटू शकतं,” बाई म्हणाल्या. “पूर्वीइतकं सोपं नाही आता, तुम्ही त्याच्यावर फार काम केलंय. पण नाहीच फाटणार असं मी लिहून देणार नाही.”

इतक्या महिन्यांत असं सरळ, आहे तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर घाबरवायचे, टीममधले पाठ थोपटायचे, बायको विषय बदलायची. त्याला वाटलं, आता आणखी भीती वाटेल. वाटली. आणि वाटली तरी तो उभाच होता, दोन्ही पायांवर, हे बघून त्याला मोठी गंमत वाटली.

“सोडा परत,” तो म्हणाला.

बाईंनी चेंडू सोडला, मघापेक्षा जोरात आणि चांगला लांब, आणि त्याने पाय टाकला.